आजोबांचा वर्दीतला फोटो आणि मेडलं फ्रेम करून घेतली

आजोबा मराठा लाइट इन्फंट्रीत होते, १९७१ च्या युद्धात पहिल्या मराठा पलटणीबरोबर आताच्या बांगलादेशातल्या जमालपूरला लढले, रिटायर झाल्यावर गावच्या हायस्कूलात शिकवायचे आणि संध्याकाळी आम्हा नातवंडांना पाढे, तेही सावधानमध्ये उभं करून. त्यांचा एकुलता वर्दीतला फोटो ओल लागून पार गेलेला, गालावर बुरशीचा डाग. साताऱ्यात राजवाड्याजवळच्या या फ्रेमवाल्या काकांनी डाग काढला पण चेहरा गुळगुळीत नाही केला, भुवईवरची खूण तशीच ठेवली, हे फार आवडलं. त्या युद्धाची ‘पूर्वी स्टार’, ‘संग्राम मेडल’ ही मेडलं मखमलीवर टाके घालून बसवली, गोंद अजिबात नाही. आठ दिवस सांगून बारा लागले, पण चालतंय. आजी पदराने काच पुसतच बसली.