मास इफेक्ट, चार महिन्यांनंतर: अहो, माझा रेक्स जिवंत होता!

'मास इफेक्ट' या अंतराळातल्या गेम-मालिकेची लिजंडरी एडिशन, म्हणजे तिन्ही भागांचा संच, सेलमध्ये घेतली. एका गेमच्या पैशात तीन, एवढाच हिशेब. ग्राफिक्सवर इतरांनी भरपूर लिहिलंय. माझं रडगाणं रेक्सचं, म्हणजे माझ्या चमूतल्या परग्रहवासी योद्ध्याचं आहे.

पहिल्या भागात व्हर्मायर ग्रहावर तो बंदूक रोखतो, तेव्हा मी त्याला बोलून शांत केलं. त्याआधी त्याच्या घराण्याचं चिलखतही शोधून दिलं होतं. पहिला भाग संपला आणि त्याच आठवड्यात लॅपटॉपची एसएसडी (डिस्क) गेली. सोबत सेव्हही गेली, म्हणजे ज्या नोंदीवरून पुढचा भाग तुमचे निर्णय ओळखतो ती. बॅकअप नव्हता. चूक माझीच.

लॅपटॉप दुरुस्तीला होता तेव्हा 'द लॉर्ड ऑफ द रिंग्ज' वाचून काढलं. लॅपटॉप परत आल्यावर पहिला भाग पुन्हा खेळायचा कंटाळा आला. मागचे निर्णय विचारणारं कॉमिकही टाळलं आणि थेट दुसरा भाग लावला. तुचांकावर, म्हणजे रेक्सच्या ग्रहावर, पोचलो तर गादीवर रेक्सचा भाऊ, रीव्ह! जुनी सेव्ह नसेल तर रेक्स मेला असंच गेम धरून चालतो.

तेव्हा वाटलं, पुस्तकच बरं. 1954-55 मध्ये तीन खंडांत निघालं तरी टॉल्किनच्या लेखी ती एकच कादंबरी. माझी डिस्क जळाली म्हणून दुसऱ्या खंडातून नायकाचा सोबती सॅम गायब होत नाही.

मग टॉल्किनच्याच आधीच्या 'हॉबिट' या पुस्तकाची भानगड कळली आणि राग निम्मा उतरला. 1937 च्या आवृत्तीत गोलम हा गुहेतला प्राणी आपली जादूची अंगठी पैजेचं बक्षीस म्हणून राजीखुशीनं द्यायला तयार असतो. पुढच्या कथेत ते बसेना, म्हणून 1951 मध्ये टॉल्किननं ते प्रकरणच बदललं. मग जुनी हकिकत? ती म्हणे बिल्बोनं, म्हणजे अंगठी मिळवणाऱ्या नायकानं, मारलेली थाप!

गेमवाल्यांनी दुसरं काय केलं? 2010 च्या मूळ दुसऱ्या भागात कॉनरॅड वर्नर नावाचा नायकाचा चाहता म्हणायचा, तू माझ्यावर बंदूक रोखली होतीस. पहिल्या भागात त्याच्याशी कितीही गोड बोललेले असा. साधा बग. 2012 च्या तिसऱ्या भागात तोच कबूल करतो, तेव्हा ताणात होतो, काहीबाही बोललो. चूक पात्राच्या माथी मारायची आणि आपण मोकळं व्हायचं.

शेवटाच्या बाबतीत मात्र पुस्तकच सरस. अंगठी वितळल्यावरही सहा प्रकरणं उरतात. हॉबिट, म्हणजे कथेतले बुटके नायक, घरी जातात, तर त्यांच्या शायर या मुलुखाची वाट लागलेली, ती निस्तरायची. गेममध्ये आधी रंगीत स्फोट झाला की खेळ खलास. लोक भडकले, तेव्हा जून 2012 मध्ये वाढीव शेवट फुकट दिला. या एडिशनमध्ये तो आहेच, पण चित्रं सरकतात आणि मागून कोणी बोलतं, इतकंच.

निरोप म्हणावा असा सिटाडेल डीएलसीतल्या (तिसऱ्या भागाच्या जोडकथेतल्या) पार्टीत मिळतो, तोही शेवटाआधी. सगळे जमतात, पितात, भांडतात. माझ्या पार्टीत रेक्स नव्हता. आणि रीव्हला तिथं कोणी बोलावत नाही.

पहिला भाग पुन्हा सुरू केलाय. सेव्ह दोन पेनड्राइव्हवर आहे.