कंप्युटर आपोआप रीस्टार्ट होत होता, त्यात 73,218 रुपये गेले

कंप्युटर दुरुस्तीच्या नावाखाली फोनवरून माझी फसवणूक झाली. आधी आकडे लिहिते, कारण नातेवाइकांत आता कुणी लाख म्हणतंय, कुणी दोन लाख. 4,720 रुपये मी माझ्या हाताने भरले. नंतर खात्यातून 24,999 गेले, पुन्हा 24,999 गेले आणि शेवटी 18,500. एकूण 73,218. बिघाड निघाला एसएमपीएसमध्ये, म्हणजे कंप्युटरला वीज पुरवणाऱ्या डब्यात. आमच्या गल्लीतल्या मुलाने तो 2,300 रुपयांत बदलून दिला.

मी घरी बसून लोकांचे इन्कम टॅक्स रिटर्न भरून देते. 31 जुलै तोंडावर आलेली, टेबलावर फॉर्म 16चा गठ्ठा, आणि कंप्युटर मधेच बंद पडून आपोआप चालू होतोय. आधी दिवसातून एखादवेळ, मग तासातासाला. विंडोज कोलमडल्यावर येतो तो निळा स्क्रीन नाही, एरर नाही, बसल्या जागी सगळं काळं. दुकानात फोन केला तर म्हणे ठेवून जा, चार दिवसांनी बघतो. माझ्याकडे चार दिवस नव्हते. म्हणून मोबाइलवर हेल्पलाइन शोधली. सगळ्यात वर मोठ्या कंपनीच्या नावाने नंबर होता, तो लावला. त्या नंबराच्या डोक्यावर बारीक अक्षरात 'प्रायोजित' लिहिलेलं असतं ते बघा. ती विकत घेतलेली जागा असते, पैसे भरले की कुणालाही मिळते.

पुढचं तुम्हाला माहीतच असेल. गोड हिंदी, दर वाक्याला 'मॅडम'. त्याने मला इव्हेंट व्ह्यूअर, म्हणजे विंडोजने स्वतः ठेवलेली नोंदवही, उघडायला लावला. लाल गोळ्यांची रांगच रांग, आणि त्यात 'क्रिटिकल, कर्नल-पॉवर 41'. म्हणाला, मॅडम, 41 म्हणजे बाहेरून कुणीतरी तुमची मशीन बंद करतंय, तुमच्या क्लायंटचे पॅन नंबर चाललेत. हे वाक्य माझ्या वर्मी लागलं. स्वतःच्या पैशापेक्षा लोकांच्या कागदांची भीती मोठी होती. 'शिकलेल्या बाईला एवढं कळू नये?' असं जे आता विचारतात, त्यांनी दुसऱ्याचे कागद सांभाळण्याची जबाबदारी कधी घेतलेली नाही.

आता ऐका, 41चा खरा अर्थ काय. कंप्युटर नीट शट डाउन न होता बंद पडला आणि पुन्हा सुरू झाला, एवढीच ती नोंद. वीज गेली तरी 41 येतो, पॉवरचं बटण दाबून धरलं तरी येतो. का बंद पडला ते त्यात बहुतेक वेळा कळत नाही. आणि लाल-पिवळ्या खुणा धडधाकट कंप्युटरवरही शेकड्याने असतात. आत्ता तुमचा उघडून बघा.

रिमोटचं अ‍ॅप त्याने आधी कंप्युटरवर टाकायला लावलं. कोड दिला, त्याचा बाण माझ्या स्क्रीनवर फिरायला लागला, आणि तेवढ्यात कंप्युटर रीस्टार्ट झाला. तो बाहेर फेकला गेला. पुन्हा जोडला, पुन्हा तेच. इथे मला समजायला हवं होतं. कारण आदल्याच रात्री भाच्याने फोनवरून सांगितलं होतं, "मावशी, बायोसमध्ये जाऊन तापमान बघ." बायोस म्हणजे विंडोज सुरू व्हायच्या आधीचं सेटिंगचं पान. मी गेले, तापमान 44 अंश, काही वाईट नाही. ते वहीत लिहीत असतानाच, त्या बायोसच्या पानावर, कंप्युटर रीस्टार्ट झाला होता. बायोसमध्ये विंडोज सुरूच झालेलं नसतं. तिथे विंडोजमधला व्हायरस कुठून येणार, इंटरनेटवरून आत घुसलेला माणूस कुठून येणार? म्हणजे दोष वीजपुरवठ्याचा, रॅमचा, बोर्डाचा, कशाचाही असेल, पण हा माणूस म्हणतोय त्याचा नाही, हे सांगणारी नोंद माझ्याच अक्षरात माझ्या कीबोर्डशेजारी पडलेली होती. आणि मी त्या वहीवर त्याने सांगितलेला कोड लिहून घेत होते. हे आठवलं की अजून झोप लागत नाही.

तो म्हणाला, "देखा मॅडम, हॅकर ने मुझे भी निकाल दिया." मग कंप्युटर धोक्याचा आहे, मोबाइलवरून पेमेंट करा, आणि मोबाइलच्या सुरक्षेसाठी तेच अ‍ॅप तिथेही टाका. 4,000 अधिक 18 टक्के जीएसटी, म्हणजे 4,720, दोन वर्षांचा प्लॅन. जीएसटीचा हिशोब बरोबर होता म्हणून मला तो माणूस खरा वाटला. मोबाइलवर नेट बँकिंगचा पासवर्ड टाइप करताना प्रत्येक अक्षर टिंब व्हायच्या आधी क्षणभर दिसतं, आणि तो सगळी स्क्रीन बघत होता. मग म्हणाला, स्कॅन चालू आहे, फोन पालथा ठेवा, हात लावू नका. मेसेज आल्याचे आवाज मला ऐकू येत होते. ते ओटीपी होते. ते तो वाचत होता. मी एकही ओटीपी कुणाला सांगितलेला नाही, हे मी बँकेला लेखी दिलंय आणि इथेही लिहिते.

फोन उचलला तोवर दोनदा 24,999 गेलेले. असं कधी झालं तर पहिलं काम, एरोप्लेन मोड. मग दुसऱ्या फोनवरून 1930, ही सायबर फसवणुकीची सरकारी हेल्पलाइन. मी आधी त्याच फोनवरून बँकेला लावला आणि तिथेच वेळ गेला.

बँकेचा फोन लागला 5:12 ला. भाषेसाठी एक दाबा, कार्डासाठी दोन दाबा, मग ऑफर ऐका. फसवणुकीसाठी वेगळं बटण शेवटी. 5:19 ला, मी त्यांच्याच लाइनवर ताटकळत असताना, 18,500 गेले. आता बँक म्हणते तक्रार 5:31 ला नोंदली, आधीचं आमची जबाबदारी नाही. रिझर्व्ह बँकेचं 6 जुलै 2017 चं परिपत्रक सांगतं की चूक ग्राहकाची असली तरी बँकेला कळवल्यानंतर झालेलं नुकसान बँकेचं. मग मी 5:12 ला कुणाला फोन केला होता? माणूस बोलायला येईपर्यंतची एकोणीस मिनिटं कुणाच्या खात्यात धरायची? शाखेत विचारलं तर मॅनेजर म्हणतात हेड ऑफिसला लिहा, हेड ऑफिस म्हणतं शाखेत भेटा, आणि दोघंही न विसरता म्हणतात, "ओटीपी शेअर केला असेल तुम्ही."

पोलीस ठाण्यात त्याहून वाईट. ऑनलाइन तक्रार केलीय ना, मग इथे कशाला? सायबरला जा. सायबर जिल्ह्याच्या गावी. तिथे गेले तर तुमच्या हद्दीत जा. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 173 प्रमाणे हद्द कुठलीही असली तरी माहिती नोंदवून घ्यावी लागते, हे मी कागदावर लिहून नेलं. अंमलदारांनी कागद वाचला आणि बसा म्हणाले. आयटी कायद्याचा तपास निरीक्षक दर्जाच्या खाली होत नाही, आणि निरीक्षक साहेब बंदोबस्तात. मी बसले. लोक येत गेले, जात गेले. शेवटी एक जण हसून म्हणाला, "ताई, पैसे जाऊ द्या, जीव तर वाचला ना." माझ्या जिवावर कुणी उठलंच नव्हतं! माझे पैसे गेलेत, त्याबद्दल बोला. नोंद झाली, आयटी कायद्याचं कलम 66डी (कंप्युटर वापरून, दुसराच कुणी असल्याचं भासवून फसवणूक) लागलं, पण त्यासाठी मला आवाज चढवावा लागला, आणि आवाज चढवला म्हणून पुन्हा ऐकून घ्यावं लागलं.

1930 ला मात्र लागेपर्यंत लावत राहा. त्यामुळेच दुसरे 24,999 समोरच्या खात्यात गोठवले गेले. ते परत मिळवायला कोर्टात त्याच नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 503 खाली अर्ज करावा लागतो, हे कुणी आपणहून सांगत नाही. वकिलांनी फी सांगितली 5,000.

कंप्युटरचं म्हणाल तर त्या मुलाने एसएमपीएस उघडून दाखवला, दोन कपॅसिटर (वीज साठवणारे छोटे भाग) फुगून वर आलेले. लोड वाढला की व्होल्टेज पडायचं. तुमचा असाच बंद पडत असेल तर विंडोजच्या सिस्टिम प्रॉपर्टीजमध्ये 'ऑटोमॅटिकली रीस्टार्ट'ची खूण काढा. मग निळा स्क्रीन थांबून राहिला तर त्यावरचा कोड लिहून घ्या. निळा न दिसता तरीही बंद पडला तर आधी वीज आणि उष्णता बघा. यूपीएस काढून थेट लावून बघा, पंख्यातली धूळ झटका, रॅम एकेक काढून बसवा. ओळखीच्या कुणाचा एसएमपीएस एक दिवस लावून बघता आला तर सगळ्यात उत्तम. दुरुस्तीला आलेल्या माणसाकडून जुना भाग परत मागा. आणि फोनवरून कुणी हार्डवेअर दुरुस्त करतो म्हणाला तर तिथेच फोन ठेवा.

5:12 च्या कॉलचा स्क्रीनशॉट मी त्याच रात्री काढला होता. बँकेला दिलेल्या लेखी तक्रारीला 30 दिवस झाले, समाधानकारक उत्तर नाही, म्हणून आता रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे अर्ज केलाय. त्याला फी लागत नाही. पहिले 24,999 गेले ते गेले, पण 18,500 बँकेकडून घेतल्याशिवाय मी हे सोडणार नाही.