कॅम्परचा ३० अँपिअर डीसी-डीसी चार्जर : एक पावसाळा काढल्यानंतर

इंजिन चालू असताना पुढच्या स्टार्टरच्या बॅटरीकडून वीज घेऊन मागची लिथियम बॅटरी भरणारा हा चार्जर उत्तम. सोबत येणारा फ्यूज होल्डर मात्र भंगार, आणि सगळी बोंब त्याचीच.

लक्षण असं : इंजिन चालू, चार्जर पाच-सात मिनिटं सुरळीत, मग 'लो इनपुट' दाखवून बंद, थोड्या वेळाने पुन्हा चालू. सर्व्हिसवाल्यांचं ठरलेलं उत्तर, "युनिट काढून पाठवा, कुरिअर तुमच्या खर्चाने." पाठवू नका. आधी मल्टिमीटर काढा. लिथियम बॅटरी अर्धी रिकामी असताना चार्जर पूर्ण ताकदीने चालतो, तेव्हा इनपुटला ३८ अँपिअरच्या आसपास ओढतो. नेमकं त्या वेळी होल्डरच्या दोन स्टडच्या (वायर कसतात त्या बोल्टांच्या) मध्ये मिलिव्होल्ट मोजा. ३०-४० असतील तर चालतंय. इथे ४१० निघाले. म्हणजे प्लास्टिकच्या त्या डबीत पंधरा वॅटची शेगडीच. पितळी दिसणाऱ्या स्टडला चुंबक लावा, चिकटला तर आत लोखंड आहे. कोकणातल्या दमट हवेत मुलामा उडाला की गंज आणि गंजामागून गरमी.

बीएस-६ गाडीत हे जास्त नडतं. अल्टरनेटरचा (इंजिनवर वीज बनवणाऱ्या यंत्राचा) व्होल्टेज ईसीयू, म्हणजे इंजिनचा संगणक, ठरवतो आणि स्टार्टरची बॅटरी भरली की तो साडेबारा व्होल्टपर्यंतही उतरवतो. त्यात मॅन्युअलमध्ये ६ चौरस मिमी वायर छापलीय! पुढून मागे सहा मीटर, जाऊन-येऊन बारा : दीड व्होल्ट वायरीतच गेला. १६ चौरस मिमीला अर्ध्या व्होल्टवर भागतं. शुद्ध तांब्याचीच घ्या. तांब्याचा मुलामा दिलेलं अ‍ॅल्युमिनियम स्वस्त पडतं, पण ड्रॉप (वायरीत वाया जाणारा व्होल्टेज) वाढवतं. निगेटिव्हही तेवढीच जाड ओढा, बॉडीच्या रंगवलेल्या बोल्टवर विसंबू नका. लग (वायरीच्या टोकाचं धातूचं कडं) हायड्रॉलिक क्रिम्परनेच दाबून घ्या, पक्कडीने चेपलेला लग खड्ड्यांत सैल होतो.

लिहायला घेतलं तेव्हा दोनच तारे द्यायचं डोक्यात होतं. तांब्याच्या स्टडचा होल्डर आणि जाड वायर टाकल्यावर चार्जर एकदाही अडखळलेला नाही, तेव्हा चार.

इग्निशनची वायर (इंजिन चालू असल्याचं चार्जरला कळवणारी) न विसरता जोडा, नाहीतर चार्जर सुरूच होणार नाही, किंवा अल्टरनेटरचा व्होल्टेज उतरला की इंजिन बंद समजून थांबेल.

पाचवा तारा कापला तो फ्यूजपायी. चार्जरच्या मुख्य जाड वायरीच्या दोन्ही टोकांना बॅटरी आहे, म्हणून दोन्हीकडे बॅटरीजवळ ६० अँपिअरचा फ्यूज हवा. खोक्यात एकच येतो, तोही त्या होल्डरसकट.