तांबडी, काळी की राखाडी? इंजिनला लावायच्या ट्यूबा

इंजिनचा सांधा बंद करायची ट्यूब रंग सांगून घेऊ नका. "काळी द्या", "ती तांबडी असते बघा" असं मागितलं की दुकानदार हाताला येईल ती पुढं ठेवतो, आणि त्यात त्याचा काही दोष नाही. तांबडा-पांढरा हा हिशोब रश्शाला ठीक आहे. ट्यूबमध्ये जास्त उष्णता सोसणारं तांबडं सिलिकॉन मिळतं आणि लॉकटाइट ५१८ सुद्धा तांबडीच असते. पहिलं हवेत वाळतं, दुसरी उघड्या हवेत कितीही ठेवा, ओलीच. चेंबरच्या, म्हणजे इंजिनच्या तळाशी तेल साठतं त्या भांड्याच्या, पत्र्याला ५१८ फासलेली गाडी मी बघितलेली आहे. खाली तेलाचं थारोळं होतं.

माझं गॅरेज कोल्हापुरात, शिवाजी उद्यमनगरात. दुचाकी जास्त, त्यात जुन्या कास्ट आयर्न बुलेट बऱ्याच. कागल-करवीरकडच्या शेतकऱ्यांची पाण्याची डिझेल इंजिनं येतात, आणि ओळखीपाळखीतल्या मारुती ८०० आणि ओम्नी. त्यामुळं पत्रा, बीड (ओतीव लोखंड) आणि ॲल्युमिनियम असे तिन्ही सांधे हाताखालून जातात. कुठली ट्यूब भारी, असं मला सारखं विचारतात. मी उलट विचारतो, सांधा कुठला?

आधी सिलिकॉन, कारण नव्वद टक्के लोकांना तेवढंच माहीत असतं. ही ट्यूब हवेतल्या ओलाव्यानं वाळते, उष्णतेनं नाही. म्हणून आमच्याकडं जुलैत ती झटकन धरते आणि एप्रिलच्या कोरड्या दुपारी रेंगाळते. वाळते ती बाहेरून आत, दिवसाला साधारण दोन-तीन मिलिमीटर. वरून बोट लावून कोरडी लागली म्हणजे आतून झाली, असं नसतं. गिऱ्हाईक संध्याकाळी गाडी मागायला आलं तर मी देत नाही. चोवीस तास म्हणजे चोवीस तास.

सिलिकॉनचा खरा गुण म्हणजे ते रबरासारखं ताणतं. चेंबर पातळ पत्र्याचा असतो, दोन बोल्टच्या मध्ये तो जरासा उचललेला असतो. ॲल्युमिनियम तापल्यावर बिडाच्या जवळजवळ दुप्पट फुगतं, म्हणजे बिडाच्या ब्लॉकवरचं ॲल्युमिनियमचं कव्हर रोज थोडं सरकत असतं. अशा हलत्या, उंचसखल जागी सिलिकॉनच पाहिजे. कित्येक गाड्यांच्या चेंबरला कंपनीतूनच पॅकिंग नसतं, नुसतं सिलिकॉन असतं. तिथं बाजारातून कागदी पॅकिंग कापून घालायचा नाद करू नये.

यातल्या मी वापरतो त्या ट्यूबा सांगतो. चेन्नईच्या ॲनाबॉन्डची ६६६ आमच्या लाईनीत सगळ्यांच्या फळीवर असते. कुठंही मिळते, परवडते, तेलात टिकते. पाणी ओढायच्या इंजिनांच्या साईड कव्हरला मी दुसरं काही बघतच नाही, कारण ते इंजिन विहिरीवर उभं असतं आणि शेतकरी यापेक्षा महाग काही लावू देत नाही. लॉकटाइट ५८७ निळी, लवचिक, पत्र्याच्या चेंबरला उत्तम. ५६९९ राखाडी, वाळल्यावर जरा ताठ राहते. ओतीव ॲल्युमिनियमच्या जाड कव्हरला आणि कूलंटच्या जागी, म्हणजे वॉटर पंप, थर्मोस्टॅटची टोपी, इथं मी तीच घेतो. किंमत ॲनाबॉन्डपेक्षा बरीच जास्त, पण वॉटर पंप परत खोलायची मजुरी धरली तर ती महाग वाटत नाही. जपानी गाड्यांच्या मॅन्युअलमध्ये थ्रीबॉन्ड १२१५ लिहिलेली सापडेल. यामाहा आणि सुझुकी तीच स्वतःच्या नावानं सांगतात. मॅन्युअलमध्ये नंबर लिहिला असेल तर माझंसुद्धा ऐकू नका, तो नंबर घ्या.

सिलिकॉन घेताना एक गोष्ट नाकानं करता येते. झाकण काढून वास घ्या. व्हिनेगरचा आंबट वास आला तर ती ट्यूब वाळताना ॲसिटिक ॲसिड सोडते. काचेच्या टाकीला, खिडकीला ठीक, पण ॲल्युमिनियमच्या आणि तांब्या-पितळेच्या सांध्याला ती गंज लावते. हार्डवेअरच्या दुकानातलं सिलिकॉन बहुतेक वेळा हेच असतं. "सिलिकॉन ते सिलिकॉन" म्हणून बाथरूमचं उरलेलं इंजिनला लावणारे महाभाग आहेत, त्यांना माझा नमस्कार.

दुसरी गोष्ट लेबलवरची. १ एप्रिल २०२० पासूनच्या बीएस-६ दुचाकींना ऑक्सिजन सेन्सर आला. काही सिलिकॉन वाळताना जी वाफ सोडतात ती ब्रीदरमधून, म्हणजे इंजिनच्या आतला दाब बाहेर सोडणाऱ्या नळीतून, इनटेकमध्ये जाते, जळते, आणि सेन्सरच्या तोंडावर पांढरा थर बसतो. मग चेक इंजिनचा दिवा लागतो आणि पोरं इंजेक्टर धूत बसतात. ट्यूबवर सेन्सरला सुरक्षित असं लिहिलेलं असेल तीच घ्या. कार्ब्युरेटरच्या जुन्या गाडीला हा प्रश्नच नाही.

आता माझी आवडती जात. लॉकटाइट ५१८ आणि ५७४, आणि ॲनाबॉन्डच्याही तशाच येतात. ही गोष्ट उलटी चालते. हवा असेपर्यंत ही पातळच राहते, धातूच्या दोन पृष्ठांमध्ये दाबून हवा तोडली की वाळायला लागते. त्यासाठी धातूही लागतो. बिडाला लवकर धरते, ॲल्युमिनियमला जरा सावकाश, थंडीत आणखी सावकाश. तिच्या ट्यूबचं प्लास्टिकच असं असतं की हवा आत झिरपत राहावी. आतली पोकळी बघून "अर्धीच भरलीय" म्हणून दुकानदाराशी भांडू नका, ती हवा मुद्दाम ठेवलेली असते.

क्रँककेसचे, म्हणजे इंजिनच्या खालच्या खोक्याचे, दोन अर्धे भाग जिथं उघड्या धातूला धातू मिळतो, तिथं मी सिलिकॉन सोडून हीच लावतो. कारण आत सांडलेलं. सिलिकॉनची रेघ जरा जाड झाली की आवळल्यावर आतल्या बाजूला शेवया लोंबतात. त्या तुटतात, तेलात फिरतात आणि पंपाच्या जाळीवर जाऊन बसतात. दुसऱ्या गॅरेजमधून उघडून आलेल्या एका ओम्नीच्या जाळीवर मी काळ्या सिलिकॉनचा असा गोळा बघितला की जाळीची निम्मी भोकं बंद. तेलाचा दिवा लागत होता आणि मालक तेल बदलून बदलून दमला होता. ५१८ चं आत आलेलं जास्तीचं वाळतच नाही, तेलात विरघळून जातं. शिवाय थर इतका पातळ की दोन भागांमधलं अंतर बदलत नाही. बेअरिंग आणि गिअर शाफ्टचं अंतर त्या सांध्यावरच ठरलेलं असेल, तर ही गोष्ट फार मोठी आहे.

पण तिची अट कडक. सांधा सपाट पाहिजे, फट पाव मिलिमीटरच्या आत. जुन्या बुलेटचा क्रँककेस कुणी पेचकस घालून उचकटलेला असेल आणि कडेला खाचा पडल्या असतील तर ५१८ काय, कुणीच वाचवत नाही. जाड काचेवर पॉलिश पेपर ठेवून कव्हर घासून बघा, कुठं लागतं कुठं नाही ते दिसतं. ते न करता चांगल्या ट्यूबला शिव्या देणारी गिऱ्हाइकं मला भेटतात.

बुलेटवाल्यांसाठी अजून एक. तुमची गाडी गळते म्हणून दरवेळी सांध्यालाच दोष देऊ नका. आत पिस्टन खाली येताना जो दाब होतो, तो ब्रीदरमधून बाहेर जायला पाहिजे. जुन्या बुलेटच्या ब्रीदरला रबराची चोच असते. ती कडक झाली, चिकटली किंवा पाईप चेपला की दाब वाट शोधतो, आणि मग सगळ्यात कमजोर सांधा रडतो. तो सांधा नवीन ट्यूबनं बंद केला की दुसरा रडायला लागतो. आधी वीस-तीस रुपड्याचं रबर बघा.

पेट्रोल लागतं तिथं साधं सिलिकॉन अजिबात नको. कार्ब्युरेटरच्या बाऊलला, टाकीच्या कॉकला ते फुगतं, सुटतं आणि जेटमध्ये जातं. तिथं चांगलं पॅकिंगच घालावं. लावायचंच झालं तर हायलोमार. रोल्स-रॉइसच्या विमान इंजिनांसाठी बनलेलं हे निळं चिकट रसायन वाळून कडक होत नाही, पेट्रोलला दाद देत नाही, आणि सांधा परत खोलला तरी स्वच्छ सुटतो. कोल्हापुरात सहज मिळत नाही, ऑनलाईन मागवावं लागतं, आणि दोन-चार थेंबांच्या कामासाठी किंमत टोचते. होल्डटाइटची बाटली, म्हणजे आपलं जुनं शेलॅक, कागदी पॅकिंग जागेवर धरून ठेवायला अजून वापरतो. आमच्या आधीच्या पिढीनं त्याच्यावर आख्खी इंजिनं बांधली. पण ते कडक होतं, आणि पुढच्या वेळी पॅकिंग खरवडताना हात भरून येतात.

हेड पॅकिंगला काही म्हणजे काही लावू नका. एक्झॉस्टच्या तोंडाशी तांबडं किंवा तांब्याच्या रंगाचं सिलिकॉन लावून उपयोग नाही, ट्यूबवर ३०० अंशांच्या पुढचा आकडा असला तरी तिथली आच त्याच्या खूप वर जाते. तिथं तांब्याचं रिंग पॅकिंग नवीन घाला.

लावायची पद्धत थोडक्यात. जुनं सगळं ब्लेडनं काढा, कारण वाळलेल्या सिलिकॉनवर नवीन धरत नाही. ॲल्युमिनियमवर ग्राइंडरची घासणी फिरवू नका, तिचा कीस बेअरिंगमध्ये जातो. शेवटचा हात थिनरचा किंवा ब्रेक क्लीनरचा. पेट्रोलनं पुसलं तर मागं तेलकटपणा राहतो. सिलिकॉनची रेघ दोन-तीन मिलिमीटर जाड, एकसलग, बोल्टच्या भोकाच्या आतल्या अंगानं. रेघ ओढली की चार-पाच मिनिटांत कव्हर बसवा, बोल्ट तिरपे-तिरपे आवळा, आणि मग हात लावू नका. साय धरेपर्यंत थांबून मग बसवणारे मेकॅनिक आहेत, त्यांचं चालतंही. मला ते पटत नाही. साय धरलेलं सिलिकॉन समोरच्या पृष्ठाला चिकटत नाही, नुसतं दाबून राहतं. बाहेर आलेलं बोटानं पुसायची सवयही सोडा. बाहेर जेवढं दिसतं तेवढंच आत आहे, एवढं मात्र त्यावरून ओळखा.

नकली ट्यूबा बाजारात भरपूर आहेत. छपाई फिकट, बॅच नंबर पुसट, मुदतीची तारीख नाही किंवा वरून चिकटवलेली, अशी ट्यूब कितीही स्वस्त असली तरी परत करा. मुदत संपलेलं सिलिकॉन ट्यूबमध्येच गुठळ्या धरतं, दाबून बघितलं की हाताला कळतं.

घरच्या एका गाडीचं एकच काम असेल तर मोठी ट्यूब घेऊ नका. सगळ्यात लहान मिळेल ती घ्या, कारण उघडलेली ट्यूब पुढच्या वर्षी कामाची राहीलच असं नाही. उरली तर नोझलमध्ये लांब स्क्रू पिळून ठेवा. पुढच्या वेळी वाळलेली गाठ त्या स्क्रूसकट बाहेर येते. ५१८ ला मात्र असलं काही करू नका. नोझल पुसा, साधं झाकण लावा आणि सावलीत ठेवा. कव्हरवरून निथळलेलं परत ट्यूबमध्ये घालू नका. त्यात धातूचा कण असला तर आतली ट्यूबच्या ट्यूब दगड होते.