जुना ट्यूब अँप बिघडला: घरी बघावा, सोलापुरात दाखवावा की पुण्याला न्यावा?

सोलापुरात ज्याच्याकडे गिटारचा जुना ट्यूब अँप (ट्रान्झिस्टरऐवजी काचेच्या ट्यूब, म्हणजे व्हॉल्व्ह, असलेला अँप्लिफायर) आहे, त्याच्यापुढे बिघाडाच्या वेळी तीन वाटा असतात. स्वतः बघायचं, गावातल्या जुन्या रेडिओ मेकॅनिककडे न्यायचा, नाहीतर पुण्या-मुंबईच्या अँप दुरुस्त करणाऱ्याला गाठायचं. माझा साठच्या दशकातला, दोन ईएल८४ आउटपुट ट्यूबचा कॉम्बो (अँप आणि स्पीकर एकाच पेटीत) या तिन्ही वाटांनी जाऊन आलाय. अँप किती महागाचा आहे यावरून वाट ठरवू नका. बिघाड काय बोलतोय ते ऐका आणि त्यावरून ठरवा.

घरी बरंच काही कळतं, तेही चासी, म्हणजे आतली धातूची पेटी, न उघडता. घरघर येत असेल तर व्हॉल्यूम शून्यावर आणा. तरीही ती तशीच राहिली, तर दोष व्हॉल्यूमच्या पुढे, म्हणजे पॉवर सप्लायमध्ये किंवा आउटपुट ट्यूबकडे आहे. व्हॉल्यूमबरोबर वाढत असेल तर पहिल्या ईसीसी८३कडे, म्हणजे सुरुवातीच्या छोट्या ट्यूबकडे, बघा. अँप चालू ठेवून पेन्सिलीच्या टोकाने एकेका छोट्या ट्यूबवर हलकेच टकटक करा. एखादी स्पीकरमधून घंटीसारखी वाजली, तर ती बदलायची. या कामाला मेकॅनिक लागत नाही.

फ्यूज उडत असेल तर मोठा फ्यूज टाकून बघू नका. इलेक्ट्रिशियनकडे असतो तसा सिरीज बोर्ड घ्या (त्यात वीज बल्बमधून होऊन पुढे जाते), त्यात १०० वॉटचा साधा पिवळा बल्ब लावा (एलईडी चालत नाही) आणि अँप त्यातून चालू करा. बल्ब क्षणभर उजळून मंद झाला तर ठीक. लख्ख पेटून राहिला तर आत शॉर्ट आहे. मग प्लग काढून रेक्टिफायर ट्यूब (एसीचा डीसी करणारी) बाहेर घ्या आणि पुन्हा लावून बघा. आता बल्ब मंदावला, तर शॉर्ट रेक्टिफायरमध्ये किंवा त्याच्या पुढे. तसाच पेटला तर संशय ट्रान्सफॉर्मरवर. एवढं कळलं की कोणाकडे जायचं तेही कळतं. मात्र कुठल्याही तपासणीत स्पीकर सोडवून अँप चालवू नका, आउटपुट ट्रान्सफॉर्मर (ट्यूब आणि स्पीकर यांना जोडणारा) जळतो.

चासी उघडायची वेळ आली की घरची वाट माझ्या मते बहुतेकांसाठी संपते. प्लग काढल्यावरही मुख्य कंडेन्सरमध्ये ३०० ते ४५० व्होल्ट डीसी राहू शकतो आणि त्याने माणूस दगावू शकतो. ज्याला १० किलोओहम, ५ वॉटचा रेझिस्टन्स इन्सुलेटेड क्लिपांनी लावून कंडेन्सर रिकामा करता येतो आणि तो रिकामा झाल्याची मीटरने खात्री करायची सवय आहे, त्यानेच आत हात घालावा.

सोलापूरच्या मेकॅनिकबद्दल मला मनापासून लिहायचंय, कारण गिटारवाले त्यांच्याकडे जातच नाहीत. ज्यांनी व्हॉल्व्हचे रेडिओ आणि लग्नातले लाउडस्पीकरचे अँप आयुष्यभर दुरुस्त केले, अशी माणसं पेठांमध्ये अजून भेटतात. माझ्या अँपची एक ईएल८४ आतून लाल व्हायला लागली होती. मी नवीन जोडी मागवणार होतो. मेकॅनिक काकांनी मीटरची काळी पिन चासीला लावली आणि लाल पिन सॉकेटच्या दोन नंबरच्या पिनवर, म्हणजे ग्रिडवर टेकवली. तिथे शून्य हवं, ११ व्होल्ट दिसले. त्यांनी व्हॉल्व्ह काढून पुन्हा मोजलं, तर ९ होतेच. म्हणजे व्हॉल्व्ह निर्दोष आणि त्याच्या आधीचा कपलिंग कंडेन्सर (फक्त आवाजाचा सिग्नल पुढे सोडून डीसी अडवणारा) गळका. वीस-तीस रुपयांच्या त्या कंडेन्सरमुळे माझी नवी जोडीही गेली असती. शिवाय अशांच्या डब्यात बेंगळुरूच्या भारत इलेक्ट्रॉनिक्सचे जुने ईएल८४ आणि ईसीसी८३ कधी कधी निघतात.

तिथे दोन गोष्टी आधी सांगाव्या लागतात. काढलेला प्रत्येक पार्ट परत द्या. आणि घरघर कमी करायला फिल्टर कंडेन्सर (पॉवर सप्लायमधला मोठा कंडेन्सर) ‘जरा मोठा’ टाकू नका. रेक्टिफायर ट्यूबला मर्यादा असते: जीझेड३४ या रेक्टिफायरच्या पुढचा पहिला कंडेन्सर ६० मायक्रोफॅरडपर्यंतच. बाजारात सहज मिळतो म्हणून १०० किंवा २२० टाकला तर ट्यूब मरते.

यंत्रमागांच्या या गावात मोटर वायंडिंगची दुकानं भरपूर, त्यामुळे ट्रान्सफॉर्मर इथेच बांधून घ्यावा असं वाटतं. पॉवर ट्रान्सफॉर्मर चांगला वायंडर बांधू शकतो, जुन्याचे सगळे व्होल्टेज लिहून दिले तर. आउटपुट ट्रान्सफॉर्मर मात्र मी इथे देणार नाही. त्यात प्रायमरी आणि सेकंडरीचे थर एकमेकांत गुंफलेले असतात. तो क्रम चुकला की अँप चालतो, पण वरचे सूर मरतात.

आउटपुट ट्रान्सफॉर्मर, ईएल३४ या मोठ्या आउटपुट ट्यूबची महागडी चौकडी असलेला फिक्स्ड बायसचा (ट्यूबचा करंट वेगळ्या व्होल्टेजने जुळवावा लागतो असा) अँप किंवा पीसीबीवरचा (छापील सर्किट बोर्डवर बांधलेला) अँप असेल, तर पुणे गाठा. खर्च जास्त, थांबणं आठवड्यांचं. अमेरिकन १२० व्होल्टचा अँपही तिथेच न्यावा: स्टेपडाउन ट्रान्सफॉर्मरने व्होल्टेज जुळतं, पण ६० हर्ट्झसाठी बांधलेला ट्रान्सफॉर्मर आपल्या ५० हर्ट्झवर जास्त तापतो. त्यात आपला एप्रिल-मे. अँप कुरियरने पाठवू नका. मी एकदा ट्यूब आत ठेवून पाठवला, तर एक सॉकेट फुटूनच पोचलं. ट्यूब वेगळ्या गुंडाळून, अँप स्वतः हुतात्मा एक्स्प्रेसने न्यावा.

माझा कौल असा. टकटक केल्यावर वाजणारी ट्यूब आणि सिरीज बोर्डची तपासणी घरी. सततची घरघर, खरखर, लाल होणारी ट्यूब सोलापुरात. ट्रान्सफॉर्मर आणि न उमगणारा बिघाड पुण्यात. एका बाबतीत मात्र निवड करत बसू नका. जुन्या अँपला टू-पिन वायर असेल आणि गिटारच्या तारांना हात लावताच झिणझिण्या येत असतील, तर प्लग काढा. थ्री-पिन वायर घालून चासीला अर्थिंग देणं आणि मेन्समधून, म्हणजे विजेच्या लाइनमधून, चासीला गेलेला जुना कंडेन्सर काढणं हे रेडिओ मेकॅनिकचं तासाभराचं काम आहे. तेवढं होईपर्यंत त्या अँपवर एकही सूर वाजवू नका.