स्वतःचे कागदमाप ठरवून छपाई: काही महिन्यांच्या वापरानंतरचा अनुभव

गेल्या काही महिन्यांपासून मी लिबरऑफिस रायटर या लेखनाच्या प्रोग्रॅममधून ए४ सोडून इतर मापांच्या कागदांवर नियमित छपाई करत आहे. त्यात मुख्यतः पुस्तकसंग्रहाच्या नोंदींची जाड कार्डे आणि ११० × २२० मि.मी.ची लांब पाकिटे असतात. एवढ्या वापरानंतर माझे मत असे झाले आहे की ही सोय भरवशाची आहे, मात्र ती एकट्या प्रोग्रॅमच्या हातात नाही. दस्तऐवज, प्रिंटरचा ड्रायव्हर (संगणकाला प्रिंटरशी जोडणारा प्रोग्रॅम) आणि कागदाचा ट्रे या तिन्ही ठिकाणी एकच माप नोंदलेले असेल, तरच मजकूर जागच्या जागी उतरतो. त्यांपैकी एका जरी ठिकाणी ए४ राहिले, तर मजकूर सरकतो, आक्रसतो किंवा प्रिंटर दिवा लुकलुकवत योग्य कागदाची वाट पाहत बसतो.

रायटरमधील काम सर्वांत सोपे आहे. ‘फॉरमॅट’ मेनूतील ‘पेज स्टाईल’मध्ये जाऊन ‘पेज’ या टॅबवर रुंदी आणि उंची भरली की कागदाच्या नावाच्या जागी आपोआप ‘यूझर’ असे येते. हे माप पानाच्या शैलीत साठवले जात असल्यामुळे एकाच फाइलमध्ये पहिले पान पाकिटाचे आणि पुढचे ए४ पत्राचे ठेवता येते, आणि फाइल टेम्प्लेट म्हणून जतन केली की आकडे पुन्हा भरावे लागत नाहीत. समासांकडे मात्र लगेच पाहावे. नव्या पानाला चारही बाजूंनी २ सें.मी. समास मिळत असेल, तर ७६ मि.मी. रुंदीच्या कार्डावर मजकुरासाठी जेमतेम ३६ मि.मी. उरतात.

खरी मेहनत ड्रायव्हरपाशी आहे. काही ड्रायव्हरांत स्वतःचे माप भरण्याची सोय असते, पण ती पसंतीच्या खिडकीत इतकी आत दडवलेली असते की शोधणाऱ्याने कंटाळून जावे. मला विंडोजमधील दुसरा मार्ग अधिक आवडला. प्रिंटरांच्या सेटिंगमध्ये ‘प्रिंट सर्व्हर प्रॉपर्टीज’ उघडून ‘फॉर्म्स’ या टॅबवर नवा फॉर्म, म्हणजे कागदमापाची नोंद, तयार करावा, त्याला ओळखता येईल असे नाव द्यावे आणि माप भरून तो जतन करावा. यासाठी ॲडमिनिस्ट्रेटरचे अधिकार लागतात. हा फॉर्म कोणा एका प्रोग्रॅमपुरता नसतो. ज्या प्रिंटरला ते माप पेलते, त्याच्या यादीत तो दिसू लागतो.

‘पेलते’ हा मुद्दा महत्त्वाचा आहे, कारण प्रत्येक प्रिंटरला लहानात लहान आणि मोठ्यात मोठ्या कागदाची मर्यादा असते. ग्रंथालयांतील तालिका-कार्डाचे प्रचलित माप ७५ × १२५ मि.मी. आहे, तर अनेक लहान लेझर प्रिंटरांची खालची मर्यादा ७६ × १२७ मि.मी., म्हणजे ३ × ५ इंच. फरक रुंदीत १ आणि लांबीत २ मि.मी.चा, परंतु तेवढ्यावरून माझ्या ड्रायव्हरने लहान माप सरळ नाकारले. हा हट्ट अकारण नाही: एका रोलरने सोडलेला कागद पुढच्या रोलरने पकडेपर्यंत त्याची लांबी पुरावी लागते. मी ३ × ५ इंचांची कार्डे वापरू लागलो आणि प्रश्न मिटला. म्हणून जाड कागद कापून घेण्याआधी प्रिंटरच्या माहितीपत्रकातील ही मर्यादा जरूर पाहावी.

कार्ड आडवे वाचायचे असले तरी ते प्रिंटरमध्ये बहुधा अरुंद बाजूने जाते. त्यामुळे फॉर्ममध्ये लहान आकडा रुंदीत आणि मोठा उंचीत लिहावा, आणि आडवेपणा दस्तऐवजात ठरवावा. कार्डे मुख्य ट्रेऐवजी हाताने कागद घालायच्या खाचेतून द्यावीत, आणि कागदाचा प्रकार ‘जाड’ निवडावा. लेझर प्रिंटरमध्ये तसे न केल्यास टोनर (शाईची पूड) नीट न चिकटता बोटाने पुसला जातो.

फाइल पीडीएफ करून छापणाऱ्यांनी प्रमाणाची निवड तपासलीच पाहिजे. तेथे ‘फिट’ असेल, तर पान छापता येण्याजोग्या भागात बसवण्यासाठी लहान केले जाते. कडेला चारही बाजूंनी ४ मि.मी. जागा कोरी राहते असे धरले, तर ७६ × १२७ चे कार्ड साधारण ८९ टक्क्यांवर येते आणि ५० मि.मी.ची रेघ ४५ च्या आसपास भरते. मी टेम्प्लेटच्या कोपऱ्यात नेमकी ५० मि.मी.ची बारीक रेघ ठेवली आहे. नव्या प्रिंटरवर पहिली प्रत साध्या कागदाच्या कापलेल्या तुकड्यावर काढतो, पट्टी लावतो आणि रेघ बरोबर भरली तरच कार्डांना हात घालतो.

लिनक्सवर हे काम मला अधिक सुटसुटीत वाटले, कारण तेथील कप्स ही छपाईव्यवस्था, प्रिंटर स्वीकारत असल्यास, मि.मी.मधील माप आज्ञेतच थेट घेते. विंडोजवर ड्रायव्हर काढून पुन्हा बसवावा लागला, तेव्हा फॉर्म यादीत शाबूत होता, पण ट्रेची आणि जाड कागदाची निवड मूळ पदावर गेली होती. त्यामुळे अशा बदलानंतर या दोन जागा तेवढ्या पुन्हा पाहाव्या लागतात.