माउंटन १८, तक्रारी बऱ्याच: पॉपर बर्न डेकसोबत दहा महिने

मॅजिक: द गॅदरिंग या पत्त्यांच्या खेळातला हा डेक (म्हणजे पानांचा गठ्ठा) घेतला तेव्हा दुकानातल्या प्रत्येकाने मला एकच सांगितलं होतं. बर्न म्हणजे डोकं घरी ठेवून खेळायचा डेक. लाल पानं घ्यायची, समोरच्याच्या तोंडावर फेकायची, त्याचे ‘लाइफ’ म्हणजे जीव २० पासून शून्यापर्यंत मोजायचे, संपलं. दहा महिने दर शुक्रवारी हाच डेक घेऊन बसल्यावर माझा हिशोब असा आहे: मी जेवढे डाव हरलो त्यातले निम्मे तरी पानं वाईट आली म्हणून नाही, तर हातातल्या पानावर काय लिहिलंय ते मी नीट वाचलं नाही म्हणून हरलो.

थोडी पार्श्वभूमी. खेळ मॅजिक: द गॅदरिंग. रिचर्ड गारफिल्ड या गणितज्ञाने बनवलेला, १९९३ साली बाजारात आला. आम्ही राहतो सिॲटलजवळ बेलव्ह्यूला आणि हा खेळ काढणाऱ्या कंपनीचं ऑफिस शेजारच्या रेंटन गावात आहे, त्यामुळे इकडे पावसाळी संध्याकाळी (म्हणजे वर्षातले आठ महिने) खेळायला माणसं मिळतात. मला यात ओढलं माझ्या तेरा वर्षांच्या मुलीने. मी लहानपणापासून मेंढीकोट आणि रमीवाला. पत्ते पिसायचे, वाटायचे, हुकूम ठरवायचा. इथे आपला गठ्ठा आपणच घरी बांधून आणायचा, हे पचायलाच महिना गेला.

पॉपर हा त्यातला गरिबांचा प्रकार. कधी ना कधी ‘कॉमन’ म्हणून छापलेली पानंच चालतात. कमीत कमी ६० पानांचा डेक, बाजूला जास्तीत जास्त १५ पानांचा साइडबोर्ड (डावांच्या मध्ये बदलायची राखीव पानं), आणि बेसिक लँड (पानं खेळायचं इंधन, म्हणजे ‘माना’, देणारी साधी जमीन; माझ्या लाल डेकात माउंटन) सोडून एका नावाची चारपेक्षा जास्त पानं नाहीत. २०१९ पर्यंत ऑनलाइन आणि दुकानातले पॉपरचे नियम जुळत नसत. त्या वर्षी कंपनीने दोन्हींसाठी एकच यादी केली. माझा सगळा डेक, साइडबोर्ड आणि स्लीव्ह धरून साठ डॉलरच्या आत बसला. शेजारच्या टेबलावर मॉडर्न हा महागडा प्रकार खेळणाऱ्याच्या चार पानांना तेवढे पैसे पडतात.

माझी यादी अशी: लाइटनिंग बोल्ट, चेन लाइटनिंग, लाव्हा स्पाइक, रिफ्ट बोल्ट, स्क्यूअर द क्रिटिक्स, फायरब्लास्ट, सिअरिंग ब्लेझ, लाव्हा डार्ट, थर्मो-अल्केमिस्ट आणि केसिग फ्लेमब्रीदर, प्रत्येकी चार. कर्स ऑफ द पिअर्स्ड हार्ट दोन. माउंटन १८.

त्या १८ वरून सुरुवातीला बरंच रामायण झालं. मी १६ माउंटनने सुरू केलं होतं, कारण मला वाटायचं लँड म्हणजे वाया गेलेलं पान. मग एका रविवारी बसून गणित मांडलं. ६० पानांत १६ लँड असतील तर पहिल्या सात पानांत एक किंवा शून्य लँड येण्याची शक्यता सुमारे ३९ टक्के. १८ केले की तीच ३१ वर येते. आठ टक्के ऐकायला किरकोळ वाटतं, पण एका संध्याकाळी आठ-दहा डाव खेळणाऱ्याला ते जाणवतं. शिवाय फायरब्लास्टला दोन माउंटन बळी द्यावे लागतात आणि लाव्हा डार्ट दुसऱ्यांदा खेळायला एक. म्हणजे या डेकमध्ये जास्तीचा माउंटन मेलेलं पान नाही, तो शेवटी दारूगोळा होतो. हे कळल्यापासून मी सतरावर पण उतरलो नाही. ज्यांना सोळावर चालतं त्यांचं नशीब माझ्यापेक्षा बरं असावं.

फायरब्लास्ट हे या डेकचं खरं सोनं, आणि माझी पहिली चूकही त्याच्यावरच. पानाची किंमत सहा माना आहे, पण त्याऐवजी दोन माउंटन बळी दिले तरी चालतं, चार डॅमेज म्हणजे समोरच्याचे चार लाइफ गेले. मी दोन महिने ते माउंटन नुसतेच उचलून ठेवत होतो. आधी ते आडवे करून (आडवं पान म्हणजे वापरलेलं) त्यांच्यातून माना काढायच्या, त्या मानांनी बोल्ट मारायचा आणि मग तेच आडवे माउंटन बळी द्यायचे, हे मला कुणी सांगितलं नाही. पानावर कुठेही ‘उभे माउंटन’ असं म्हटलेलं नाही. मीच ते मनाने घातलं होतं. उलट बाजूही आहे. बळी ही किंमत आहे, परिणाम नाही. समोरच्याने हायड्रोब्लास्टने फायरब्लास्ट अडवला तर माउंटन परत मिळत नाहीत. त्यामुळे निळ्या डेकसमोर तो लवकर काढणं म्हणजे आपलाच पाय कापून घेणं.

थर्मो-अल्केमिस्टवर आठवडेच्या आठवडे वाया घालवले. त्याला आडवा केला की समोरच्याला एक डॅमेज, आणि आपण इन्स्टंट किंवा सॉर्सरी (एकदा परिणाम करून जाणारे ‘स्पेल’) खेळलो की तो पुन्हा उभा राहतो. मी आधी स्पेल खेळायचो आणि नंतर त्याला आडवा करायचो. अर्थात तो उभाच होता, त्यामुळे उभं राहण्याचा फायदा हवेत जायचा. आधी आडवा, मग स्पेल, मग पुन्हा आडवा. समोरच्याच्या टर्नच्या शेवटी एकदा, आपला टर्न सुरू होताना तो आपोआप उभा, मग परत. बरोबर क्रमाने खेळला तर हा माणूस एकटा पाच-सहा डॅमेज देऊन जातो. आल्या आल्या मात्र तो आडवा करता येत नाही, एक टर्न थांबावं लागतं.

आता खरी मजा, म्हणजे जजला हात वर करून बोलावण्याचे प्रसंग.

वेदर द स्टॉर्म या पानाने माझा सगळ्यात जास्त अपमान केला. हिरवं पान, तीन लाइफ मिळतात, पण त्याला स्टॉर्म आहे: त्या टर्नमध्ये आधी जितके स्पेल खेळले गेले तितक्या त्याच्या प्रती. समोर एल्फ डेक, त्याचे लाइफ नऊ, माझ्याकडे मोकळे माउंटन, हातात तीन पानं. मनातल्या मनात जिंकलो. बोल्ट, सहा. लाव्हा स्पाइक, तीन. स्क्यूअर टाकला आणि त्याने शांतपणे दोन लँड आडवे करून वेदर द स्टॉर्म खेळला. मी म्हटलं, तुझा तर पहिलाच स्पेल आहे या टर्नचा. जज आले, म्हणाले स्टॉर्म दोघांचे स्पेल मोजतो. माझे तीन, म्हणजे तीन प्रती आणि एक मूळ, बारा लाइफ. स्क्यूअर लागल्यावरही तो बारावर होता, मी हात रिकामे करून बसलेलो. त्याला मी स्वतःच्या हाताने जेवायला वाढलं होतं.

त्यावरचा उपाय मला रिफ्ट बोल्टमध्ये सापडला. तो एका लाल मानाने ‘सस्पेंड’ करून बाजूला ठेवता येतो आणि पुढच्या टर्नच्या सुरुवातीला फुकट खेळला जातो. बाजूला ठेवणं म्हणजे खेळणं नाही, त्यामुळे त्या टर्नला स्टॉर्म तो मोजत नाही. दुसऱ्या टर्नला तो खेळला जातो तेव्हा मात्र मोजला जातो, फ्लेमब्रीदरही (मी प्राणी नसलेला स्पेल खेळलो की समोरच्याला एक डॅमेज देणारा प्राणी) तेव्हाच चावतो, आणि निशाणा कोण हेही तेव्हाच ठरवायचं, ठेवताना नाही. एल्फसमोर आता मी सगळी पानं एका टर्नला कधीच ओतत नाही. दोन-दोन करून, शक्यतो तो स्वतःच्या टर्नला लँड वापरून बसला असेल तेव्हा.

स्क्यूअरची गोष्ट आणखी जिव्हारी लागणारी. पान तीन मानांचं, पण समोरच्याने त्या टर्नला लाइफ गमावलं असेल तर एका मानात जातं. मी याचा अर्थ ‘मी डॅमेज दिलं असेल तर’ असा घेतला होता. समोरचा काळ्या डेकवाला सातवर. मी फ्लेमब्रीदरने हल्ला केला, त्याने चार लाइफ मोजून स्नफ आउटने तो मारला. माझ्याकडे उभा माउंटन एकच, हातात स्क्यूअर. मी उसासा टाकून टर्न संपवला आणि पुढच्या टर्नला हरलो. घरी येताना गाडीत मुलगी म्हणाली, “बाबा, त्याने चार लाइफ दिले ना? मग तो तीनवर होता. स्क्यूअर एका माउंटनमध्ये गेला असता.” आणि वर, “तू कार्ड वाचत नाहीस, आठवतोस.” ४०५ हायवेवर मी बराच वेळ गप्प होतो. किंमत म्हणून दिलेलं लाइफही गमावलेलंच असतं.

सिअरिंग ब्लेझ आणि साइडबोर्डमधलं स्मॅश टु स्मिदरीन्स ही दोन पानं शेजारी ठेवून शिकण्यासारखी आहेत. ब्लेझचे निशाणे दोन: खेळाडू आणि त्याचा एक प्राणी. प्राणीच नसेल तर खेळताच येत नाही. पण खेळल्यावर समोरच्याने तो प्राणी स्वतःच बळी दिला तरी खेळाडू हा दुसरा निशाणा शाबूत असतो, त्यामुळे डॅमेज लागतं. स्मॅशचा निशाणा एकच, आर्टिफॅक्ट म्हणजे वस्तूचं पान. आर्टिफॅक्टने भरलेल्या अफिनिटी डेकवाल्याने क्रार्क-क्लॅन शामन या प्राण्यासाठी तेच आर्टिफॅक्ट बळी दिलं की स्मॅश हवेत विरतो, त्याला लागणारं तीन डॅमेजही वाया जातं. आता गंमत बघा: त्यांच्या ब्रिज नावाच्या अविनाशी आर्टिफॅक्ट-लँडवर स्मॅश मारला तर लँड तुटत नाही, पण निशाणा जागेवर असल्यामुळे तीन डॅमेज लागतं. जो वाद मी सुरू केला आणि जजने माझ्या बाजूने सोडवला असा हा दहा महिन्यांतला एकमेव.

बाकी साइडबोर्ड: पायरोब्लास्ट चार, स्मॅश चार, फ्लेअरिंग पेन तीन, रेलिक ऑफ प्रोजेनिटस दोन, इलेक्ट्रिकरी दोन. फ्लेअरिंग पेन पांढऱ्या डेकवाल्यांच्या प्रिझमॅटिक स्ट्रँड्ससाठी. स्ट्रँड्स एका रंगाचं सगळं डॅमेज त्या टर्नपुरतं थांबवतं, आणि माझ्याकडे रंगच एक. पेन खेळला की डॅमेज थांबवताच येत नाही, आणि ‘करता येत नाही’ हे ‘करता येतं’वर भारी, हा या खेळाचा मूळ नियम. लाइफ वाढवणाऱ्या पानांवर मात्र पेनचा उपयोग शून्य.

तक्रारी. डेक लवकर कंटाळवाणा होतो, हे खरं आहे. पाचव्या महिन्यात मी चक्क जांभया देत खेळत होतो. सेक्रेड कॅटसारखं एक मानाचं मांजर लाइफ वाढवत बसलं की आपण हताश. फ्लेमब्रीदर चावल्याचं तोंडाने सांगायला विसरलात तर समोरचा आठवण करून द्यायला बांधील नाही, आणि का द्यावी त्याने? मेंढीकोटात उतरलेलं पान परत घेतलं तर आमचा काका पत्ते गोळा करून उठायचा. आणि जो लाल डेक समोर बसतो तो चेन लाइटनिंगवर दोन लाल माना भरून तीच वीज तुमच्यावर उलटवतो, हे पहिल्यांदा झालं तेव्हा मला वाटलं तो फसवतोय. पान वाचलं. फसवत नव्हता.

कुणी घ्यावा? ज्याला पैसे कमी घालून स्पर्धेत बसायचंय त्याने जरूर. ज्याला डाव लांबवायला, समोरच्याशी खेळत बसायला आवडतं त्याने निळा डेक बघावा. पूर्ण नियमावली अडीचशेपेक्षा जास्त पानांची आहे, ती वाचायच्या फंदात पडू नका. स्टॅक (खेळलेल्या पानांचे परिणाम कोणत्या क्रमाने होतात) आणि निशाण्यांचे भाग पुरतात.

माझ्या दोन कर्सच्या जागी कोणती पानं घालावीत हे विचारणार होतो, पण काल रात्री डेक मोजला तर ५८ भरली. चौकशीअंती कळलं की मुलीने स्वतःच्या नव्या डेकसाठी दोन बोल्ट नेले आहेत. आज गुरुवार.